कोठीचा तट आणि परवलीचा शब्द

मराठी घरात कोठी म्हणजे वर्षाचे धान्य ठेवण्याची खोली. तिला खिडकी नसे, असलीच तर हातभर. तिची किल्ली घरातल्या कर्त्या बाईच्या कमरेला असे. हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या कुटुंबांना मात्र कोठी म्हटले की शहराचा एक गजबजलेला भाग आठवतो. बसगाड्यांची रांग, जुन्या पुस्तकांची दुकाने, सुलतान बाजारातील लग्नसराईची खरेदी आणि या सगळ्यामागे झाडांत दडलेली, उंच खांबांची ती इंग्रज वकिलाची हवेली. त्या हवेलीवरूनच या भागाला कोठी हे नाव पडले. एक कोठी धान्य राखणारी आणि दुसरी सत्ता राखणारी. दोहोंना समान असलेला प्रश्न एकच: आत जे आहे ते बाहेरच्याच्या हाती लागू नये म्हणून काय करावे? या लेखात आम्ही त्या प्रश्नाचा थोडा इतिहास मांडणार आहोत. तो मांडता मांडता आजच्या संगणकयुगात आपल्या संस्थांना भेडसावणाऱ्या एका संकटाकडेही वाचकांचे लक्ष वेधणार आहोत. विषय नवा वाटला तरी त्याची मुळे आपल्याच मातीत आहेत.

रेसिडेन्सीवरचा हल्ला

जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक या रेसिडेंटने १८०३ च्या सुमारास या हवेलीचे काम सुरू केले. आराखडा मद्रासच्या इंजिनिअर दलातील सॅम्युअल रसेल याचा, खर्च निजामाचा. १८०५ मध्ये कर्कपॅट्रिक कलकत्त्यास वारला, पण हवेली राहिली आणि पुढे सुमारे दीडशे वर्षे दख्खनच्या राजकारणाचे सूत्र तिच्यातून हलत राहिले. तिच्या भोवतीच्या बाजाराला रेसिडेन्सी बाजार म्हणत. तेथे कायदा निजामाचा नव्हता, इंग्रज रेसिडेंटचा होता. सावकारांच्या पेढ्यांना, आणि पुढे सार्वजनिक चळवळी करणाऱ्यांनाही, ही जागा सोयीची वाटली ती त्यामुळेच. १९३३ मध्ये हा बाजार निजामाकडे परत गेला आणि त्याचे नाव सुलतान बाजार झाले.

१८५७ च्या जुलैत शहर धुमसत होते. औरंगाबादेकडच्या घोडदळातून फुटून आलेला जमादार चीदा खान आणि त्याचे साथीदार हैदराबादेत पकडले गेले व रेसिडेन्सीच्या ताब्यात देण्यात आले. त्यांना सोडवावे म्हणून १७ जुलैला, शुक्रवारच्या नमाजानंतर मक्का मशिदीत जमलेला समुदाय खवळला. तुर्रेबाज खान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली रोहिले आणि नागरिक कोठीवर चालून आले. त्यांनी थेट मुख्य प्रवेशद्वारावर धडक मारली नाही. पुतळी बावडीच्या बाजूस, रेसिडेन्सीच्या भिंतीसमोर, अब्बन साहेब आणि जयगोपालदास यांची घरे होती. ती ताब्यात घेऊन हल्लेखोरांनी त्यांच्या माड्यांवरून रेसिडेन्सीवर गोळ्या चालवल्या आणि बागेचा एक दरवाजा मोडला. रात्रभर गोळीबार चालला. पहाटेपर्यंत हल्ला मोडला होता.

तो मोडला याचे एक कारण तोफा. दुसरे, आणि आमच्या मते अधिक महत्त्वाचे कारण म्हणजे आगाऊ मिळालेली वर्दी. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी रेसिडेंट कर्नल डेव्हिडसन याला जमावाची खबर आधीच पाठवली होती. हल्लेखोर येण्यापूर्वी पहारे जागेवर होते. इतिहासाच्या न्यायासनावर सालारजंगांना काय म्हणावे हा वेगळा प्रश्न आहे, आणि तुर्रेबाज खानाची आठवण शहराने त्या परिसरातील रस्त्याला त्याचे नाव देऊन जपली आहे. येथे आम्हाला पाहायचे आहे ते इतकेच की हल्ल्यानंतर रेसिडेन्सीच्या आवाराची भिंत मजबूत करण्यात आली. आपला तट कोठे कच्चा आहे हे पन्नास वर्षे तेथे राहणाऱ्या इंग्रजांना ठाऊक नव्हते. समोरच्या घरांच्या माड्या आपल्या अंगणावर रोखलेल्या आहेत, हे त्यांना शत्रूच्या गोळ्यांनी शिकवले.

गोष्टीचा उत्तरार्धही बोलका आहे. तुर्रेबाज खान पुढे पकडला गेला. त्याला जन्मठेप आणि काळ्या पाण्याची शिक्षा झाली. परंतु १८ जानेवारी १८५९ रोजी तो तुरुंगातून निसटला. भिंत फोडून नव्हे, तर पहारेकऱ्यांच्या मदतीने. पाच हजार रुपयांचे इनाम लागले आणि २४ जानेवारीला तूपरानजवळ तो मारला गेला. तट नवा झाला होता, पण पहारा माणसांचाच होता.

गोवळकोंड्याची खिडकी

याच धड्याचे थोरले रूप आपल्या शहरापासून दोन कोसांवर उभे आहे. १६८७ च्या आरंभी औरंगजेबाने गोवळकोंड्याला वेढा घातला. आठ महिने तो बसून राहिला. तोफा चालल्या, सुरुंग पेरले गेले. त्यांतले काही उलटून खुद्द मोगलांचीच माणसे गाडली गेली. पावसाने छावणीत चिखल केला, धान्य महागले. तट काही ढळला नाही. अखेर सप्टेंबरात अब्दुल्ला खान पनी या किल्ल्यातल्याच सरदाराने रात्री एक खिडकी आतून उघडली. अब्दुर्रझाक लारी या एकट्या सरदाराने अंगावर असंख्य जखमा झेलीत शर्थ केली, पण दार उघडे होते. तानाशाह दौलताबादच्या किल्ल्यात कैदेत गेला.

जगातील उत्तम तटबंदीपैकी एक, आणि ती पडली कडी काढल्याने. तट किती जाड आहे हे मोजणे सोपे. कडी कोणाच्या हातात आहे हे मोजणे अवघड.

रायगडाची परीक्षा

शत्रूने परीक्षा घेण्याआधी आपणच आपल्या तटाची परीक्षा घ्यावी, ही कल्पना मराठी मनाला परकी नाही. रायगड बांधून पूर्ण झाल्यावर शिवाजी महाराजांनी सभा भरवून जाहीर केले की, दोर वा शिडी न लावता, राजमार्ग सोडून जो कोणी गड चढून येईल त्याला मोहरांची थैली आणि सोन्याचे कडे मिळेल, अशी आख्यायिका आहे. महार समाजातील एक पुरुष पुढे आला. रायगडाच्या डोंगरकड्यांची त्याला माहिती होती. तो चढून गेला, निशाण लावले आणि महाराजांपुढे येऊन मुजरा केला. त्याला बक्षीस मिळाले आणि त्याने शोधलेली वाट बंद करण्यात आली. चोर दरवाजाशी हीच कथा जोडली जाते. हिरकणीची कथा तर पोरासोरांनाही माहीत आहे. तान्ह्या बाळाच्या ओढीने ती गवळण रात्री कडा उतरून गेली, आणि महाराजांनी त्या जागी बुरूज बांधविला.

या कथांचा ऐतिहासिक पुरावा किती, हा वाद येथे नको. समाजाने या कथा तीनशे वर्षे जपल्या, यातच त्यांचा अर्थ आहे. त्यांत तीन गोष्टी आहेत. पहिली, परीक्षा धन्याच्या परवानगीने झाली. दुसरी, दोष दाखवणाऱ्याला शिक्षा झाली नाही, त्याचा सन्मान झाला. तिसरी, दोष कळल्यावर तो बुजवला गेला. यांतली एक जरी गोष्ट गळाली तरी परीक्षेला अर्थ उरत नाही.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांविषयीचे प्रकरण आहे. त्यात ते सांगतात की गडाला एकच दरवाजा असणे हा मोठा दोष आहे. दोन-तीन दरवाजे आणि चोरदिंड्या असाव्यात, पण नित्याच्या राबत्याला लागतील तेवढ्याच उघड्या ठेवून बाकीच्या चिणून टाकाव्यात. सभासदाच्या बखरीत हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी एका दर्जाचे नेमून कारभार चालवण्याची रीत आली आहे. एकट्याच्या लहरीवर वा एकट्याच्या फितुरीवर किल्ला जाऊ नये, हा त्यातला हेतू. आजचे संगणकसुरक्षेचे ग्रंथ चाळले तर या दोन सूचना तेथे नव्या नावांनी भेटतात: न लागणारी दारे बंद करा, आणि एकाच माणसाच्या हाती सगळ्या किल्ल्या देऊ नका.

भेदन-चाचणी म्हणजे काय

संगणकतज्ज्ञ ज्याला पेनिट्रेशन टेस्टिंग म्हणतात त्याला आम्ही भेदन-चाचणी म्हणू. एखाद्या संस्थेच्या संगणकांत, संकेतस्थळात वा जाळ्यात, त्या संस्थेच्या लेखी संमतीने, चोर शिरेल तसे शिरण्याचा प्रयत्न करून पाहणे, आणि जे सापडेल ते संस्थेलाच कळवणे. ही विद्या वाटते तितकी नवी नाही. १९६७ मध्ये अमेरिकेत संगणकतज्ज्ञांच्या परिषदेत, एकच संगणक अनेकजण दुरून वापरू लागल्यास गुपिते कशी राखायची, हा प्रश्न उघडपणे चर्चेला आला. त्यातील एक वक्ते विलिस वेअर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७० मध्ये त्यावर अहवाल दिला. १९७२ मध्ये जेम्स अँडरसन यांनी अमेरिकी हवाई दलासाठी केलेल्या अभ्यासात शिरकावाचे टप्पे मांडले गेले. १९७४ मध्ये पॉल कार्गर आणि रॉजर शेल यांनी मल्टिक्स या त्या काळच्या अत्यंत सुरक्षित मानल्या गेलेल्या प्रणालीत प्रत्यक्ष शिरून दाखवले. १९९३ मध्ये डॅन फार्मर आणि वित्से वेनेमा यांनी, आपले घर सुरक्षित करायचे तर त्यात घुसून पाहा, असे सांगणारा लेख लिहिला तेव्हा पुष्कळांना ते चोराला शिकवणे वाटले. आज बँकांना ही चाचणी नियमाने करावी लागते.

तिचे टप्पे समजण्यास अवघड नाहीत. पहिला टप्पा करारनाम्याचा: काय तपासायचे, काय नाही, कोणत्या दिवशी, अडचण आल्यास कोणाला फोन करायचा. दुसरा टेहळणीचा. बहिर्जी नाईकांनी सुरतेची खबर काढली असे आपण वाचत आलो, तसेच हे. फरक इतकाच की येथे संकेतस्थळावरची नावे, जुन्या जाहिराती, पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे यांवरूनच निम्मी माहिती मिळते. तिसरा, दारे मोजण्याचा. संगणकाला बाहेरच्या जगाशी बोलण्यासाठी क्रमांक दिलेली अनेक दारे असतात. त्यांतली कोणती उघडी आहेत आणि त्यांमागे कोणती जुनी, दुरुस्ती न केलेली आज्ञावली चालते ते पाहतात. चौथा, प्रत्यक्ष शिरकाव. पाचवा, आत गेल्यावर कोठवर जाता येते याचा माग, कारण ओसरीवर येणे आणि कोठीत पोचणे यांत अंतर आहे. सहावा, अहवाल. आणि सातवा, जो बहुतेक संस्था विसरतात: दुरुस्ती झाल्यावर पुन्हा चाचणी.

परवानगीचा मुद्दा केवळ शिष्टाचाराचा नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ प्रमाणे मालकाच्या संमतीविना संगणकात शिरल्यास भरपाई द्यावी लागते, आणि ते अप्रामाणिक वा कपटी हेतूने केल्यास कलम ६६ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद वा पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा रायगड चढणाऱ्याने महाराजांचे फर्मान आधी ऐकले होते, हे तरुण मंडळींनी विसरू नये.

दोन सहकारी बँका

पुण्याची कॉसमॉस बँक १९०६ मध्ये स्थापन झालेली. मराठी माणसाच्या सहकाराचा एक जुना वृक्ष. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, भारतासह अठ्ठावीस देशांतील एटीएम यंत्रांतून बनावट कार्डांनी पैसे निघू लागले. दोन दिवसांनी, १३ ऑगस्टला, आंतरराष्ट्रीय संदेशप्रणालीतून हाँगकाँगच्या एका खात्यात आणखी सुमारे १३ कोटी ९२ लाख रुपये गेले. एकूण नुकसान ९४ कोटी ४२ लाखांचे. युक्ती अशी होती. एटीएममधून येणारी विचारणा बँकेच्या मूळ हिशेबापर्यंत जावी आणि शिल्लक पाहून होकार यावा, ही नेहमीची रीत. चोरांनी मध्येच एक खोटा होकार देणारा दुवा बसवला. खजिनदाराला न विचारताच खिडकीवरचा माणूस 'द्या' म्हणत राहिला. ठेवीदारांची खाती शाबूत राहिली, तोटा बँकेने सोसला. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवले. ते मुख्यतः पैसे काढणारे हस्तक होते. मागचे सूत्रधार सीमेपलीकडेच राहिले.

दुसरी घटना आपल्याच शहरातील. जानेवारी २०२२ मध्ये महेश सहकारी बँकेतून सुमारे साडेबारा कोटी रुपये गेले. हैदराबाद पोलिसांनी तपासानंतर जे सांगितले ते वाचून आम्हाला गोवळकोंड्याची खिडकी आठवली. आदल्या नोव्हेंबरात बँकेच्या कर्मचाऱ्यांना सुमारे दोनशे फसवे विरोप आले होते. त्यांतले मोजकेच उघडले गेले, आणि तेवढे पुरले. आत शिरलेला दूरस्थ हेर महिनोन्‌महिने शांतपणे पाहत बसला. अमर्याद अधिकारांची खाती गरजेपेक्षा जास्त होती आणि त्यांच्या परवलीच्या शब्दांची नीट निगा नव्हती. पैसे काही मोजक्या खात्यांतून शेकडो खात्यांत फुटले आणि देशभरच्या एटीएममधून निघाले. पुढे २०२३ मध्ये सुरक्षेतील हयगयीबद्दल रिझर्व्ह बँकेने या बँकेस ६५ लाखांचा दंड केला. विशेष म्हणजे बँकांच्या तंत्रज्ञानाचा विचार करण्यासाठी रिझर्व्ह बँकेने १९९६ मध्ये स्थापलेली संस्था याच शहरात, मासाब टँकला आहे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

कोठीच्या इतिहासात पैशाच्या हस्तांतराचा आणखी एक प्रसंग या ओळीत बसतो. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाईनंतर निजामाचे सरकार कोसळले. २० सप्टेंबरला लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेतील हैदराबाद सरकारच्या खात्यातून दहा लाख सात हजार नऊशे चाळीस पौंड आणि नऊ शिलिंग पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या खात्यावर गेले. आदेश मोईन नवाज जंग यांचा. खात्यावर सही करण्याचा त्यांचा अधिकार कागदावर शाबूत होता. ज्या सरकारच्या वतीने तो होता ते सरकार राहिले नव्हते. निजामाने आठवड्याभरात रक्कम परत मागितली, पण गेलेले पैसे अडकून पडले. निकाल लागला २ ऑक्टोबर २०१९ रोजी, एकाहत्तर वर्षांनी, भारत सरकार आणि निजामाचे वारस यांच्या बाजूने. तोवर रक्कम साडेतीन कोटी पौंडांच्या घरात गेली होती. पद गेले की सहीचा अधिकार त्याच दिवशी रद्द झाला पाहिजे, हा धडा याहून महागात कोणी शिकले नसेल.

एका संस्थेची गोष्ट

बँकांचे झाले, आपल्या साहित्यसंस्था, शाळा, ग्रंथालये, धर्मादाय न्यास यांचे काय? त्यांच्याकडे कोट्यवधी नसतात, म्हणून चोर इकडे फिरकणार नाही, असे आम्हालाही वाटत असे. आमचा ज्या एका संस्थेशी जुना संबंध आहे तेथील अनुभव येथे नाव न घेता सांगतो.

एका सकाळी खजिनदारांना अध्यक्षांच्या नावाने विरोप आला: सभागृहाच्या दुरुस्तीचे पंच्याऐंशी हजार अमुक खात्यावर आजच भरा, मी बैठकीत आहे, फोन करू नये. खजिनदार भरणार होते. जुने कारकून शेजारी होते. त्यांनी पत्र पाहिले आणि विचारले, "साहेब, अध्यक्ष आपल्याला 'डिअर सर' कधीपासून लिहायला लागले? त्यांचं पत्र 'स. न. वि. वि.' शिवाय सुरू झालेलं मी तीस वर्षांत पाहिलं नाही." फोन लावला गेला. अध्यक्ष घरी पूजेला बसले होते.

त्यानंतर कार्यकारिणीने ठराव करून, एका सभासदाचा या व्यवसायात असलेला नातू बोलावला, त्याला मर्यादा घालून दिलेले परवानगीपत्र दिले आणि पंधरा दिवसांची मुदत दिली. त्याचा अहवाल चार पानांचा होता. संस्थेच्या विरोपाचा परवलीचा शब्द म्हणजे संस्थेचे नाव आणि स्थापनेचे वर्ष. ते वर्ष दर्शनी भिंतीवरच्या शिळेत कोरलेले आहे. दोन वर्षांपूर्वी दिवंगत झालेल्या ग्रंथपालांचे खाते अजून उघडे, आणि सगळे अधिकार असलेले. वाचनालयातील वायफायवरून हिशेबाच्या संगणकापर्यंत सरळ वाट. आजीव सभासदांची यादी, पत्ते, जन्मतारखा आणि दूरध्वनींसह, एका उघड्या फाइलीत. शेवटचा मुद्दा आम्हाला अधिक झोंबला. त्याने कार्यकारिणीच्या अकरा जणांना एक बनावट पत्र पाठवले होते, 'आपले खाते बंद होत आहे, शब्द पुन्हा भरा.' चौघांनी भरला. त्या चौघांत आम्ही होतो.

सभेत क्षणभर राग उसळला. हा पोर आपल्याला मूर्ख ठरवतो काय, असे एकदोघे बोलून गेले. आमच्याही मनात ते आले, हे लपवीत नाही. मग एका ज्येष्ठ भगिनी म्हणाल्या, "अहो, गड चढून आलेल्याला महाराजांनी कडं दिलं होतं. आपण निदान चहा तरी द्या." सभा हसली आणि कामाला लागली.

त्या यादीचा विचार आमच्या मनातून अजून जात नाही. तिच्यात आपल्यातले एकटे राहणारे म्हातारे आहेत. मुले पुण्याला, अमेरिकेला. त्यांचे नाव, वय, फोन आणि ते कोणत्या संस्थेला मानतात हे ज्याला कळेल, त्याला त्यांचा विश्वास मिळवायला किती वेळ लागेल? संस्थेचे गेलेले पंच्याऐंशी हजार वर्गणी काढून भरता येतील. आपल्या नावाने कोणी एखाद्या आजोबांची आयुष्याची पुंजी नेली, तर ते कशाने भरून निघणार?

काय करावे

रेसिडेन्सी बाजारातील सावकारांच्या काळी हुंडी चाले. तिच्यात रक्कम आकड्यांत, अक्षरांत आणि पुन्हा निम्म्याची दुप्पट सांगून लिहीत, म्हणजे एक शून्य वाढवणे सोपे जाऊ नये. हुंडी काढल्याची खबर वेगळ्या पत्राने पेढीवर जाई. शाहजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या ओळखीच्या शाहूलाच मिळत. एका वाटेने आलेला आदेश दुसऱ्या वाटेने पडताळावा, हे शहाणपण आपल्या आजोबांच्या पेढीवर होते. तेच आज करावयाचे आहे.

पैशाचा कोणताही आदेश विरोपाने वा संदेशाने आला तर, आधीपासून ठाऊक असलेल्या क्रमांकावर फोन करून विचारावे. पत्रात दिलेल्या क्रमांकावर नव्हे. पैसे सोडायला दोघांची संमती लागावी. परवलीचा शब्द हा शब्दप्रयोगच किल्ल्याच्या पहाऱ्यावरचा. तो पहारा बदलला की बदलत असे. आपला निदान पदाधिकारी बदलताना बदलावा, लांब असावा, प्रत्येक ठिकाणी वेगळा असावा, आणि त्याच्या जोडीला भ्रमणध्वनीवरची दुसरी खूण असावी. गेलेल्या माणसाचे खाते त्याच आठवड्यात बंद करावे. आज्ञावल्यांच्या दुरुस्त्या येताच चढवाव्यात. वाचकांचे वायफाय आणि हिशेबाचा संगणक वेगळे ठेवावेत. बँकेच्या संकेतस्थळाचा पत्ता 'डॉट बँक डॉट इन' असा संपतो ना, ते पाहावे. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांना तो पत्ता घेणे बंधनकारक केले आहे.

सप्टेंबर १९०८ च्या मुसीच्या पुराच्या गोष्टी आपण आजीकडून ऐकल्या आहेत. ज्यांचे कागद एकाच घरात होते, त्यांचे कागद घराबरोबर गेले. आज खंडणीखोर आज्ञावली संस्थेच्या सगळ्या फायली कुलूपबंद करते आणि किल्लीसाठी पैसे मागते. तिच्यावर खात्रीचा उतारा एकच: दुसरी प्रत, दुसऱ्या जागी, आणि जाळ्यापासून तोडलेली. ती उघडते की नाही हेही वर्षातून दोनदा पाहावे.

चाचणीसाठी भारत सरकारच्या सर्ट-इन या २००४ मध्ये सुरू झालेल्या यंत्रणेने मान्य केलेल्या तपासनिसांची यादी आहे. मोठ्या संस्थांनी त्यांतूनच माणूस निवडावा. या यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे संगणकावरील हल्ल्याची वर्दी सहा तासांत द्यावयाची असते. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने सभासदांची माहिती राखण्याची जबाबदारी ती बाळगणाऱ्यावर टाकली आहे. पैसे गेलेच, तर लाजून गप्प न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर फोन करावा. पहिल्या तासात पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता सर्वांत अधिक असते. सालारजंगांची वर्दी वेळेवर पोचली म्हणून कोठी वाचली, हे ध्यानात असू द्यावे.

१९४९ पासून त्या हवेलीत मुलींचे महाविद्यालय भरले. आपल्या कितीतरी बहिणी-लेकी तेथे शिकल्या. आता ते महिला विद्यापीठ झाले असून २०२४ मध्ये त्याला चाकली ऐलम्मा यांचे नाव दिले गेले आहे. ज्या भिंती माणसे बाहेर ठेवण्यासाठी बांधल्या, त्यांच्या आत आज मुली वही-पुस्तक घेऊन जातात. आमच्या संस्थांनीही भीतीने दारे लावून बसावे, असे आम्हाला मुळीच म्हणावयाचे नाही. दारे उघडीच असावीत; फक्त ती किती आहेत आणि कोणाच्या हाती आहेत, हे आपल्याला ठाऊक असावे. पुढच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत, हिशेबाच्या मंजुरीनंतर, हा एक विषय घ्यावा, एवढीच आमची आपल्या सर्व संस्थांना विनंती आहे. आणि परीक्षा घ्यायला आलेल्या मुलाला चहा द्यायला विसरू नये.